रिक्रुटरचा फोन येण्याआधी, फोनवर आणि नंतर: मुंबईत नोकरी शोधणाऱ्यांसाठी

मी गेली अकरा वर्षं मुंबईत रिक्रुटमेंटचं काम करतेय, आधीची सहा अंधेरी ईस्टला एका कन्सल्टन्सीत आणि आता एका कंपनीच्या एचआरमध्ये. ओळखीतल्या, नात्यातल्या मुलामुलींचे सीव्ही व्हॉट्सअ‍ॅपवर येतच असतात, "ताई जरा बघ ना कुठे लागतंय का", आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगत असते म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं. हे मुख्यतः एक ते सात-आठ वर्षं अनुभव असलेल्यांसाठी आहे, अकाउंट्स, ऑपरेशन्स, कस्टमर सपोर्ट, सेल्स, आयटी, अशा ऑफिसच्या नोकऱ्या. फ्रेशर्सनाही बराचसा भाग चालेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नोकरी द्यायची की नाही हे रिक्रुटर ठरवत नाही, ते त्या टीमचा मॅनेजर ठरवतो. रिक्रुटर फक्त तुमचं नाव पुढे पाठवते, पण पाठवताना ती आपला शब्द तुमच्यामागे लावत असते. मी मॅनेजरला सांगते की हा मुलगा चांगलाय, याचा पगार एवढा आहे, हा अमुक तारखेला जॉइन होऊ शकतो, आणि यातलं एक जरी खोटं निघालं तर पुढच्या वेळी तो मॅनेजर माझं ऐकत नाही. म्हणून चांगलं इम्प्रेशन म्हणजे टाय, स्टायलिश इंग्लिश, रंगीत सीव्ही असं काही नसतं. याच्या बोलण्यावर मी भरवसा ठेवू शकते का, एवढंच आम्ही पहिल्या दहा मिनिटांत बघत असतो.

सापडलात तर फोन येणार ना

नोकरी डॉट कॉमवर आम्ही कसं शोधतो ते सांगते. आम्ही कीवर्ड टाकतो, अनुभवाची वर्षं टाकतो, लोकेशन, सध्याचा पगार, नोटीस पीरियड (राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावं लागतं ते) असे फिल्टर लावतो आणि गेल्या काही दिवसांत कोण अ‍ॅक्टिव्ह होतं तेही बघतो. म्हणजे तुम्ही दोन वर्षांपूर्वी प्रोफाइल बनवून सोडून दिली असेल तर कितीही हुशार असलात तरी तुम्ही यादीत पार खाली असणार. नोकरी शोधताय ना, मग आठवड्यातून एक-दोनदा लॉगिन करा, काहीतरी खरं अपडेट करा. नोटीस पीरियडचा रकाना रिकामा सोडू नका. लोकेशनमध्ये फक्त मुंबई लिहून थांबू नका, ठाणे आणि नवी मुंबई पण टाका, बदलापूरच्या मुलाला ऐरोलीची नोकरी अंधेरीपेक्षा कितीतरी बरी पडते पण प्रोफाइलवर नवी मुंबई लिहिलेलंच नसतं त्यामुळे तो आम्हाला दिसतच नाही.

कीवर्ड म्हणजे तुम्ही रोज जे काम करता त्याची साधी नावं. अकाउंट्सवाल्याने टॅली, जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन असं लिहायचं. हार्डवर्किंग, टीम प्लेअर हे शब्द टाकून कोणीही शोधत नाही.

लिंक्डइनवर फोटो साधा आणि चेहरा नीट दिसेल असा, हेडलाइनमध्ये कामाचं नाव, बस. "ओपन टू वर्क" मध्ये फक्त रिक्रुटर्सना दिसेल असा पर्याय आहे, सध्याच्या ऑफिसात कळू नये असं वाटत असेल तर तो वापरा, पण तिथेही शंभर टक्के लपून राहण्याची गॅरंटी नाही हे लिंक्डइन स्वतःच सांगतं.

सीव्ही

दोन पानं पुरे. वडिलांचं नाव, जात-धर्म, लग्न झालंय की नाही, पासपोर्ट नंबर, आधार नंबर, बिल्डिंगचा पूर्ण पत्ता, यातलं काहीही नको. आधार नंबर तर अजिबातच नको, सीव्ही किती हातांतून जातो तुम्हाला कल्पना नाही. राहण्याचं ठिकाण म्हणून "डोंबिवली ईस्ट" एवढं लिहिलंत तरी आम्हाला कळतं.

डिझाइनवाले, दोन कॉलमचे, बाजूला निळी पट्टी आणि स्किल्सचे गोल असलेले सीव्ही दिसायला छान वाटतात, पण बऱ्याच कंपन्यांत सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि असल्या कॉलममध्ये त्याचा गोंधळ होतो, कंपनीचं नाव एकीकडे आणि तारीख भलतीकडे जाते. साधा एका कॉलमचा वर्ड किंवा पीडीएफ ठेवा. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि काम असू दे, माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये "न्यू रिझ्युमे फायनल" नावाच्या इतक्या फाइली आहेत की कोणती कोणाची ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आता खरा मुद्दा. माझ्या चुलत बहिणीच्या सीव्हीत लिहिलं होतं, "बिलांचं काम सांभाळणे". मी तिला समोर बसवून विचारलं, महिन्याला किती बिलं येतात गं? म्हणाली साधारण चारशे. कुठे टाकतेस? टॅली प्राइममध्ये. मग? मग जीएसटीआर टू-बी शी (व्हेंडरने भरलेल्या जीएसटीवरून पोर्टलवर तयार होणारी यादी) मॅच करते, जे जुळत नाही त्या व्हेंडरला फोन करते. आणि हे कोण तपासतं? कोणी नाही, मीच बघते, गेले दीड वर्ष. बघा म्हणजे, या मुलीने सीव्हीत तीन शब्द लिहिले होते! आम्ही तिथे लिहिलं की महिन्याला सुमारे 400 व्हेंडर बिलांची टॅली प्राइममध्ये एंट्री, जीएसटीआर टू-बी शी जुळवणी आणि फरक असेल तर व्हेंडरकडे पाठपुरावा, हे काम दीड वर्ष स्वतंत्रपणे. एक अक्षर खोटं नाही. तुमच्या प्रत्येक ओळीला हेच प्रश्न विचारा, किती, कशात, कोणासाठी, एकटी की टीममध्ये. आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल बोलायला संकोच वाटतो, बढाई मारल्यासारखं वाटतं, पण आकडा सांगणं म्हणजे बढाई नाही.

गॅप असेल तर लपवू नका. तारखा खेचून दोन नोकऱ्या जोडल्या तर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनवरून, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरावरून, पीएफची सर्व्हिस हिस्ट्री बघतात, तिथे कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत ते सगळं दिसतं. वडिलांच्या आजारपणामुळे आठ महिने घरी होते, आता पूर्णवेळ काम करू शकते, एवढी एक ओळ पुरते, याहून जास्त कोणी विचारत नाही आणि विचारलं तर सांगायला तुम्ही बांधील नाही.

पहिला मेल किंवा मेसेज

सब्जेक्टमध्येच पोस्टचं नाव, अनुभव, नोटीस पीरियड आणि राहण्याचं ठिकाण लिहा. खाली चार-पाच ओळी, जेडीमधल्या (जाहिरातीतल्या कामाच्या वर्णनातल्या) कोणत्या दोन-तीन गोष्टी तुम्ही आज करता ते सांगा, सीव्ही जोडा, संपलं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "हाय मॅम" टाकून उत्तराची वाट बघू नका, पहिल्याच मेसेजमध्ये काय पाहिजे ते सांगा. रात्री अकराला मेसेज नको. नाव नीट वाचा, बाईला "डिअर सर" लिहिलेलं मेल आलं की समजतं हे पन्नास ठिकाणी तसंच गेलंय.

फोन आला

मुंबईत फोन नेहमी चुकीच्या वेळीच येणार. आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी सातमध्ये फोन करतो आणि तेव्हा तुम्ही एकतर डेस्कवर बॉसच्या समोर असता नाहीतर ट्रेनमध्ये लटकत असता. आणि लोक काय करतात तर तशातच बोलत राहतात, कुजबुजत, अर्धं ऐकू येत नाही, ट्रेनमध्ये मध्येच नेटवर्क गेलं की कॉल कट, मग परत लावा, परत पहिल्यापासून. समोरच्या माणसाच्या मनात तुमच्याबद्दल काहीच उरत नाही, फक्त आवाज उरतो.

त्यापेक्षा सरळ सांगा, "मी आत्ता ट्रेनमध्ये आहे, नीट बोलता येणार नाही, सव्वाआठला मी तुम्हाला फोन केला तर चालेल का? नाहीतर उद्या सकाळी साडेनऊला." आम्हाला याचा राग येत नाही, आम्हीही याच ट्रेनने जातो. मात्र सव्वाआठ म्हणालात तर सव्वाआठलाच फोन करा. जे खरंच त्या वेळेला फोन करतात त्यांची नावं मला महिनाभर लक्षात राहतात, कारण तेवढेही फार जण करत नाहीत.

फोन उचलला की "हां बोला कोण" नको, नाव सांगा. ज्या पोस्टला अर्ज केलाय त्यांची एक छोटी यादी मोबाइलमध्ये ठेवा, कंपनी, पोस्ट, तारीख, कोणाकडून पाठवलं. "कुठल्या कंपनीतून? मी खूप ठिकाणी टाकलंय" हे वाक्य ऐकलं की आमचा अर्धा उत्साह तिथेच जातो. आणि स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर गाव, शाळा, बारावीचे टक्के इथून सुरुवात करू नका, आत्ता काय काम करता तिथून सुरू करा, मग मागे जा, दीड-दोन मिनिटांत थांबा. घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, दोन-तीनदा केलं की किती फापटपसारा येतो ते आपलं आपल्याला कळतं.

पगाराचा प्रश्न

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा थांबून सांगते. 2016 ची गोष्ट आहे, मी एका पेरोलच्या पोस्टसाठी एक मुलगा पाठवला होता, बोलायला छान, काम येत होतं, मॅनेजर खूश. त्याने फोनवर सध्याचा पगार 5.4 लाख सांगितला होता, त्यावर ऑफर ठरली आणि शेवटी सॅलरी स्लिपा मागितल्या तर निघाला 4.2. ऑफर मागे घेतली. त्या मॅनेजरने पुढे दोन महिने मी पाठवलेली एकही प्रोफाइल उघडून बघितली नाही, पण माझं सोडा, त्या मुलाला खरं सांगूनही तिथे 5 लाख सहज मिळाले असते, बजेट होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बरेचदा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःलाच सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि इन-हँड (खात्यात येणारा पगार) यातला फरक माहीत नसतो. समजा सीटीसी 6 लाख आहे. बाराने भागून लोक 50 हजार धरतात. आता यात बेसिक महिन्याला 25,000 असेल तर कंपनीचा पीएफ 12 टक्के म्हणजे महिन्याला 3,000, वर्षाचे 36,000, हे सीटीसीमध्येच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, वर्षाची 14,430. व्हेरिएबल 60,000 धरा, तो वर्षाच्या शेवटी आणि कामगिरीवर. हे सगळं वजा केलं की महिन्याला साधारण 40,800 उरतात, त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 3,000 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात येतात 37,600 च्या आसपास. कंपनीचा मेडिक्लेम सीटीसीत धरला असेल तर अजून कमी. त्यामुळे फोन येण्याआधी तुमचं ऑफर लेटर आणि शेवटची स्लिप काढून तीन आकडे लिहून ठेवा: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, इन-हँड किती. विचारल्यावर तिन्ही सांगा. जो माणूस हे तीन आकडे न अडखळता सांगतो त्याचं बाकी सगळंही खरं असणार असं आपोआप वाटतं.

अपेक्षा विचारली तर "कंपनीच्या नियमाप्रमाणे" म्हणू नका, त्यातून आम्हाला काहीच कळत नाही. तुम्हीही विचारू शकता, "या पोस्टचं बजेट साधारण कितीपर्यंत आहे?" नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण रेंज सांगतात. मग आपला आकडा सांगा आणि कारण सांगा, प्रवास वाढतोय, जबाबदारी वाढतेय, हातात दुसरी ऑफर आहे, जे खरं असेल ते.

नोटीस पीरियडचंही तसंच. 90 दिवसांचा असेल तर 90 सांगा. "मी बघतो, 30 दिवसांत सोडतील" असं वाटण्यावर सांगू नका, आधी तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बायआउटचं (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याचं) कलम आहे का ते वाचा. राजीनामा दिलेला असेल तर लास्ट वर्किंग डेची तारीख सांगा, तारीख ऐकली की रिक्रुटरचा जीव भांड्यात पडतो.

इंग्रजीची भीती

मराठी मीडियममधून आलेली मुलं मला फोनवर आधीच "सॉरी मॅम माय इंग्लिश" म्हणतात आणि मला खरंच आत कुठेतरी टोचतं. माफी मागू नका. मी स्वतः मराठी शाळेत शिकले. बॅकएंडच्या, अकाउंट्सच्या, टेस्टिंगच्या कितीतरी पोस्टना कामापुरतं, समजेल असं इंग्लिश पुरतं. छोटी वाक्यं बोला, एका वाक्यात एकच गोष्ट. प्रश्न कळला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट" म्हणा, अंदाजाने उत्तर देऊ नका. आणि एखादी गोष्ट अगदीच अडली तर हिंदीत सांगू का असं विचारा, मुंबईतले निम्मे फोन तसेही इंग्लिशमधून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत जातात. फक्त क्लायंटशी थेट बोलायची पोस्ट असेल तर इंग्लिश लागेलच, तिथे तयारीला वेळ द्या. आपल्या कामाबद्दलची वीसेक वाक्यं लिहून आरशासमोर नाही, मित्राला फोन लावून बोला, कारण खरा इंटरव्ह्यूही आधी फोनवरच होणार आहे.

इंटरव्ह्यूचा दिवस

पत्ता नीट विचारा. बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल ही काही एक जागा नाही, फॅमिली कोर्टाकडची बाजू आणि डायमंड बोर्सकडची बाजू यात चालत बराच वेळ जातो. माइंडस्पेस नावाचं ऑफिस पार्क तर मालाडलाही आहे आणि ऐरोलीलाही. माझा एक कॅन्डिडेट वसईहून मालाडच्या माइंडस्पेसला पोचला आणि इंटरव्ह्यू होता ऐरोलीला. पण त्याने एक गोष्ट बरोबर केली, गेटवर कळल्या कळल्या मला फोन केला, माझी चूक झाली, मी मालाडला उभा आहे, आज तिथे पोचलो तरी दीड तास जाईल, तुम्ही सांगाल ते करतो. मी मॅनेजरला विचारून दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर ठेवलं. बाकीचे अशा वेळी फोन बंद करून घरी जातात.

सेंट्रलवरून बीकेसीला येणाऱ्यांनी कुर्ला वेस्टच्या शेअर रिक्षाच्या लाइनचा वेळ धरून निघा, सकाळी ती लाइन लांब असते. आता मेट्रो 3 मुळे आरे, मरोळ, सीएसएमटी, कफ परेड या बाजूंनी थेट बीकेसी गाठता येतं, तुमच्या घरापासून जमतंय का बघा. वॉक-इन (वेळ न ठरवता थेट जाऊन द्यायचा इंटरव्ह्यू) रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक तपासा. मोठ्या बिल्डिंगमध्ये गेटपास करायलाच पंधरा मिनिटं जातात, ओरिजिनल फोटो आयडी ठेवा. पावसाळ्यात एक कोरडा शर्ट आणि रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, स्टेशनवर नाहीतर ऑफिसच्या वॉशरूममध्ये बदला. पाणी तुंबलंय असं दिसलं तर सकाळी आठलाच कळवा, अकराच्या इंटरव्ह्यूला साडेअकराला कळवून उपयोग नाही.

कागद एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, मोबाइलमध्ये पण: तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, सध्याचं ऑफर लेटर, मार्कशीट, फॉर्म 16. मागितल्यावर दहा मिनिटांत पाठवणाऱ्याची ऑफर खरंच लवकर निघते.

नंतर

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज, भेट झाली, आभारी आहे, अजून काही कागद लागले तर सांगा. मग चार-पाच वर्किंग डे थांबा आणि एकदा विचारा. रोज "एनी अपडेट" नको.

कन्सल्टन्सीबद्दल दोन गोष्टी. एकाच कंपनीला दोन कन्सल्टंटकडून सीव्ही जाऊ देऊ नका. कोणाचा कॅन्डिडेट यावरून वाद होतो आणि पुष्कळदा कंपनी ती प्रोफाइलच बाजूला ठेवते. म्हणून कन्सल्टंटला आधी कंपनीचं नाव विचारा, तुमच्या यादीत ते असेल तर स्पष्ट सांगा की आधीच गेलंय. दुसरं म्हणजे कन्सल्टंटची फी कंपनी देते, एका महिन्याच्या पगाराएवढी म्हणजे 8.33 टक्के ही जुनी रीत आहे. तुमच्याकडून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप डिपॉझिट, कशाच्याही नावाने पैसे मागितले तर तो रिक्रुटर नाही, फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

दुसरी ऑफर आली असेल तर सांगा. आम्हाला वाईट वाटतं पण आम्ही समजून घेतो. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसलेला माणूस मात्र आमच्या सिस्टिममध्ये तशी नोंद होऊन राहतो, आणि रिक्रुटर कंपन्या बदलतात तेव्हा आठवणी बरोबर घेऊन जातात.

नकार आला तरी उत्तर द्या. कल्याणची एक मुलगी होती, अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची पोस्ट, शेवटच्या दोघांत होती आणि दुसऱ्याला घेतलं. मी फोन केला तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती, रडवेली झाली असावी. तासाभराने मेसेज आला, "मॅम, कळवलंत म्हणून थँक्यू, बाकीचे कळवत पण नाहीत. माझं कुठे कमी पडलं ते सांगू शकाल का?" मी मॅनेजरला विचारून तिला सांगितलं की टीडीएसच्या रिटर्नचा हातचा अनुभव कमी पडला. तिने पुढच्या चार महिन्यांत आहे त्या ऑफिसात सिनिअरला विनवून दोन क्वार्टरचे रिटर्न स्वतः भरले आणि मला तसं कळवलं, नोकरी मागितली नाही, फक्त कळवलं. ऑगस्टमध्ये त्याच टीममध्ये जागा निघाली तेव्हा मी पोर्टल उघडलंच नाही, सरळ तिला फोन लावला.